जर्मनच्या प्राध्यापकीसाठी बी-२ पुरत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीत परकीय भाषांवर अलीकडे जो लेख आला, त्यात जर्मनच्या विद्यापीठीय अध्यापनाची बोळवण एका परिच्छेदात केली आहे. बी-२ पातळी (ए-१ ते सी-२ या सहा युरोपीय भाषापातळ्यांपैकी चौथी) गाठावी, एम. ए. आणि पीएच. डी. करावी, इंग्रजी पक्के असेल तर इंग्रजी-जर्मन साहित्यसंबंध हा विषय घ्यावा, म्हणजे ब्रिटन-जर्मनीतल्या विद्यापीठांची दारे उघडतात, असा त्याचा आशय. दारे आहेत, हे खरे. पण या वाटेने निघालेली हुशार मुले नेमकी कुठे अडतात, हे या विषयात शिकवणाऱ्यांना आणि प्रबंध तपासणाऱ्यांना आता पाठ झाले आहे. म्हणून जरा तपशिलात लिहितो आहोत.

पहिली गोष्ट जागांची. इंग्रजी आणि जर्मन साहित्याचे परस्परसंबंध हा संशोधनाचा विषय आहे. त्या नावाची जागा जवळजवळ कधीच निघत नाही. ब्रिटनमध्ये जाहिरात येते ती 'लेक्चरर इन जर्मन' अशी. जर्मनीत ती येते 'नॉयरे डॉइचे लिटराटूर' म्हणून, म्हणजे साधारण सोळाव्या शतकापासून पुढचे जर्मन साहित्य, नाहीतर मग 'अँग्लिस्टिक', म्हणजे इंग्रजी भाषा-साहित्य, म्हणून. तौलनिक साहित्याचे स्वतंत्र विभाग थोडे, आणि तिथे बहुधा तिसरी भाषाही मागतात. निवड समितीला जाणून घ्यायचे असते ते एवढेच: हा उमेदवार पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवेल का, दुसऱ्या वर्षाला शिलर आणि शेवटच्या वर्षाला काफ्का घेईल का, आणि एखादा सहकारी रजेवर गेला तर मध्ययुगीन काव्याचा तास सांभाळेल का? 'मी दोन्हींच्या मधले शिकवतो' हे उत्तर तिथे चालत नाही. तेव्हा एका भाषेच्या साहित्याचा अभ्यास मुळापासून पूर्ण करायचा आणि दुसरीत संशोधनापुरती पण अव्वल गती मिळवायची, असा आराखडा सुरुवातीलाच आखावा. आमचे मत विचाराल तर पूर्ण अभ्यास जर्मनचा करावा. इंग्रजीच्या एकेका जागेसाठी स्पर्धा कितीतरी मोठी असते.

आता भाषेच्या पातळीविषयी. जर्मनीत जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळायला सहसा विद्यापीठ-प्रवेशाच्या जर्मन भाषा-परीक्षांपैकी डीएसएचची दुसरी श्रेणी (डीएसएच-२), किंवा टेस्टडाफच्या वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत चौथी श्रेणी लागते. ही साधारण सी-१ पातळी झाली. जर्मन साहित्याच्या अभ्यासक्रमाला काही विद्यापीठे डीएसएच-३ मागतात. म्हणजे बी-२वाला प्रवेशाच्या उंबरठ्यावरच थांबतो. शिकवायचे तर सी-२ धरूनच चालावे, आणि तेही प्रमाणपत्रापुरते नको. कोणतीही परीक्षा अठराव्या शतकातले अर्धे पान व्यापणारे वाक्य वाचायला लावत नाही. ब्रिटनमधल्या जर्मन विभागांत तर इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतर करण्याचा तास हा नव्या अध्यापकाच्या वाट्याला येणारा नेहमीचा तास. ज्याची मातृभाषा या दोहोंपैकी एकही नाही, त्याला दोन्ही दिशांनी भाषांतर करून दाखवता आले पाहिजे, आणि विद्यार्थ्याने निवडलेला शब्द का चुकला हे सांगताही आले पाहिजे. यासाठी रोज वीस ओळी, आज इकडून तिकडे, आठवड्याने मूळ न बघता तिकडून इकडे, असा सराव वर्ष-दीड वर्ष चालवावा. याला दुसरा पर्याय नाही.

विषयाच्या गाभ्याबद्दल आपल्या लेखात एक अक्षर नाही. दोन लेखकांमधली साम्यस्थळे हुडकायची आणि प्रभाव म्हणून मांडायची, एवढ्यावर हा अभ्यास संपतो असा समज सर्रास आहे. प्रत्यक्षात इथे शोधायचे असते ते पुस्तक कोणत्या हातांतून गेले ते. एक उदाहरण जवळून पाहू. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' या १८१४ च्या कादंबरीत तरुण मंडळी घरच्या घरी 'लव्हर्स व्हाउज' नावाचे नाटक बसवायला घेतात. हे नाटक एलिझाबेथ इंचबाल्डने १७९८ मध्ये इंग्रजी रंगभूमीसाठी केले. मूळ जर्मन नाटक आउगुस्ट फॉन कोत्सेबूचे, 'दास किंड डेर लीबे'. इंचबाल्डला जर्मन येत नव्हते. तिच्या हाती कुणीतरी केलेले शब्दशः भाषांतर होते आणि तिने ते आपल्या प्रेक्षकांना झेपेल असे घडवले. मूळ नायिका अमेलिया आपले प्रेम ज्या थेटपणे बोलून दाखवते, ते इंग्रज प्रेक्षकांना सहन होणार नाही, म्हणून आपण तिला बदलले, असे तिने प्रस्तावनेत स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी अॅन प्लम्प्टरने त्याच नाटकाचे 'द नॅचरल सन' या नावाने मुळाला अधिक धरून भाषांतर छापले.

आता कादंबरीकडे या. मेरी क्रॉफर्ड अमेलियाची भूमिका घेते आणि ज्याच्यावर तिचा डोळा आहे तो एडमंड, अमेलियाच्या प्रेमाचा विषय असलेल्या पाद्र्याची. या प्रसंगातला संकोच मोजायचा कशावर? मूळ कोत्सेबूवर मोजला तर चूक, कारण ऑस्टिनच्या पात्रांपुढे इंचबाल्डची सौम्य केलेली अमेलिया आहे. केवळ इंचबाल्डवर मोजला तर जर्मन नाटकांविषयी त्या काळी जी बदनामी इंग्लंडभर पसरली होती ती निसटते. १७९८ मध्येच 'अँटी-जॅकोबिन' या इंग्रजी नियतकालिकाने जर्मन नाटकांचे विडंबन छापले होते. म्हणून तिन्ही पाठ शेजारी ठेवून अमेलियाचा तो प्रवेश ओळीने ओळ ताडून पाहावा लागतो, आणि मग समीक्षकांनी काय झोड उठवली होती ते नियतकालिकांत शोधावे लागते. एम. ए. च्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला पहिला सराव आम्हाला माहीत नाही. तिन्ही पाठ मिळतात, प्रवेश छोटा आहे, आणि जर्मन कच्चे असेल तर दुसऱ्याच पानावर कळून येते.

चुका होतात त्या बहुतेक प्रतीच्या बाबतीत. इंग्रज कवी कोलरिजने शिलरच्या 'वालेनश्टाइन' या नाटकाचे भाषांतर १८०० मध्ये प्रसिद्ध केले. ते छापील जर्मन पुस्तकावरून केलेले नव्हते, रंगभूमीच्या हस्तलिखित प्रतीवरून केलेले होते. त्या प्रतीत 'पिकोलोमिनी' आणि 'वालेनश्टाइनचा मृत्यू' या दोन भागांची विभागणी वेगळी होती. छापील दुसऱ्या भागातले पहिले दोन अंक तिथे आधीच्या भागात होते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी आजची प्रमाण आवृत्ती घेऊन बसतो आणि 'कोलरिजने शिलरच्या रचनेत धाडसी फेरफार केले' असा निष्कर्ष काढतो. असे अख्खे प्रकरण तोंडी परीक्षेत पाच मिनिटांत कोसळते. गटेच्या 'वेर्थर' या कादंबरीचेही तसेच. त्याचे १७७९ चे पहिले इंग्रजी भाषांतर जर्मनवरून झालेले नाही, फ्रेंच भाषांतरावरून झालेले आहे. त्यामुळे त्या काळच्या इंग्रज वाचकाला वेर्थरचा जो सूर ऐकू आला त्यात फ्रेंच भाषांतरकाराचा वाटा किती, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उलट दिशेलाही सापळे आहेत. लाइप्झिगच्या बेर्नहार्ड टाउख्निट्सने १८४१ पासून इंग्रजी लेखकांची पुस्तके इंग्रजीतच छापून युरोपभर विकली. पुढे या मालेत पाच हजारांवर खंड निघाले. डिकन्स किंवा थॅकरे जर्मनीत वाचला गेला तो पुष्कळदा या स्वस्त खंडांतून. पण टाउख्निट्सच्या पुनर्मुद्रणांच्या मुखपृष्ठाआतील शीर्षकपानावर पहिल्या छपाईचेच साल राहत असे. तेव्हा एखाद्या जर्मन लेखकाच्या संग्रहात १८५४ चा खंड सापडला म्हणून त्याने तो १८५४ मध्ये वाचला असे होत नाही. खरा काळ कळतो तो बाहेरच्या कागदी वेष्टनावरच्या तारखेवरून आणि जाहिरातींवरून. ग्रंथालयांनी बांधणी करताना ही वेष्टने बहुधा काढून टाकली, म्हणून मूळ वेष्टनासह टिकलेली प्रत कुठे आहे हे शोधणे हेही कामच.

पुरावा म्हणून आमच्या मते सगळ्यात भरवशाची वस्तू ग्रंथालयाची देवघेव-नोंदवही. कोलरिज १७९९ मध्ये ग्योटिंगेनला होता तेव्हा त्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कोणती पुस्तके नेली याच्या नोंदी टिकल्या आहेत. गटेने वायमारच्या ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकांची यादी १९३१ मध्ये छापली गेली, आणि त्याच्या स्वतःच्या संग्रहाची सूची १९५८ मध्ये. नेलेले पुस्तक वाचलेच असे नाही, पण न नेलेल्या, संग्रहात नसलेल्या आणि पत्रांत कुठे उल्लेखही नसलेल्या पुस्तकाचा 'प्रभाव' सांगणाऱ्याला थांबवायला एवढे पुरते.

छापील साधनांच्या पलीकडे हस्ताक्षर आहे, आणि इथे सर्वांत जास्त लोक गळतात. जुनी जर्मन पुस्तके फ्राक्टूर या टोकदार वळणाच्या छापील ठशात आहेत. तो पंधरा दिवसांत वाचता येतो, फक्त लांब 'एस' आणि 'एफ' यांची गल्लत टाळावी लागते. पत्रे आणि रोजनिश्या मात्र कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत. तिच्यात 'ई' हे अक्षर 'एन'सारखे दिसते, 'यू' आणि 'एन' यांतला फरक केवळ डोक्यावरच्या वाकड्या रेघेने कळतो, आणि 'एम' किंवा 'एन'वरची आडवी रेघ म्हणजे ते अक्षर दुहेरी. घाईत लिहिणारा माणूस त्या रेघाही गाळतो. एक सोय मात्र आहे. कुरेंटमध्ये लिहिणारे परकीय शब्द आणि विशेषनामे पुष्कळदा लॅटिन वळणाने लिहीत, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाचे किंवा लेखकाचे नाव त्या दाट पानातून चटकन डोळ्यांत भरते. तेवढेच टिपून पत्राची तारीख लिहून निघून जाणारे संशोधक असतात. त्यांनी पुढचे-मागचे वाचायला हवे, कारण पुस्तक आवडले की उसने मागितले की परत पाठवले हे त्या नावात नसते, क्रियापदात असते. रोज अर्धा तास, आधी छापील उतारा उपलब्ध असलेली पत्रे घेऊन, दोन-तीन महिने बसले की हात बसतो. हे अभिलेखागारात जाण्यापूर्वी करावे. तिथले दिवस मोजके असतात.

अभिलेखागारांपैकी वायमारचे गटे-शिलर अभिलेखागार आणि मार्बाखचे जर्मन साहित्य अभिलेखागार ही दोन अटळ. ब्रिटनमध्ये ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्डची टेलर इन्स्टिट्यूशन, आणि एडिंबराचे राष्ट्रीय ग्रंथालय, जिथे जॉन मरे या प्रकाशनसंस्थेची कागदपत्रे आहेत. पत्र कुठे आहे हे शोधायला 'कालिओपे' ही जर्मन हस्तलिखितांची सामाईक सूची, आणि पुस्तकांसाठी कार्ल्सरूहची आभासी सूची व ब्रिटनची 'लायब्ररी हब डिस्कव्हर'. अर्ज करताना संग्रहाचा संकेतांक लिहून पाठवावा. 'अमुक लेखकाविषयी काही असल्यास' असे पत्र लिहिणाऱ्याला मोघम उत्तर मिळते.

हक्कांचा एक पेच बहुतेकांना प्रबंध छापायच्या वेळी कळतो. जर्मनीत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी हक्क संपतो. ब्रिटनमध्ये मात्र १९६९ पूर्वी वारलेल्या माणसाची, १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेली पत्रे २०३९ अखेरपर्यंत हक्कात आहेत, मग ती दीडशे वर्षांपूर्वीची का असेनात. म्हणजे एकाच पत्रव्यवहारातले जर्मन माणसाचे पत्र मोकळे आणि इंग्रज माणसाचे उत्तर बांधलेले, असे होऊ शकते. वारसांचा शोध आणि परवानगीचा पत्रव्यवहार पहिल्याच वर्षी सुरू करावा.

पेशाचा जिना दोन देशांत अगदी वेगळा आहे. ब्रिटनमध्ये प्रबंध साधारण ८० हजार ते १ लाख शब्दांचा, तोंडी परीक्षेला एक अंतर्गत आणि एक बाह्य परीक्षक. त्यानंतर बहुतेकांच्या नशिबी नऊ-दहा महिन्यांची अध्यापनाची कंत्राटे येतात. लेव्हरह्यूम ट्रस्टची तीन वर्षांची पाठ्यवृत्ती मिळाली तर श्वास घ्यायला जागा मिळते, पण तीत निम्मा पगार विद्यापीठाने द्यायचा असतो. म्हणून आधी विद्यापीठाने आपल्याला निवडावे लागते आणि त्या अंतर्गत निवडीची मुदत ट्रस्टच्या मुदतीच्या बरीच आधी संपते. हे माहीत नसल्यामुळे चांगले अर्ज वाया जातात. जर्मनीत प्रबंध छापून प्रसिद्ध केल्याशिवाय डॉक्टर ही उपाधी लावता येत नाही, आणि छपाईच्या खर्चाची तजवीज बरेचदा स्वतःच करावी लागते. पुढे २००७ च्या कायद्याने ठरवून दिलेली मुदत: तात्पुरत्या नेमणुकांवर पीएच. डी. पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे, अपत्यामागे दोन वर्षांची सवलत. त्या दुसऱ्या सहा वर्षांत हाबिलिटात्सिओन, म्हणजे दुसरा मोठा ग्रंथ, पुरा करायचा. २००२ पासून कनिष्ठ प्राध्यापकपदाची वाट निघाली आहे, तरी साहित्याच्या विभागांत दुसऱ्या ग्रंथाचा आग्रह टिकून आहे. आणि हा दुसरा ग्रंथ पहिल्याहून वेगळ्या काळावर, शक्यतो वेगळ्या साहित्यप्रकारावर हवा. अठराव्या शतकाच्या अनुवादांवर प्रबंध आणि पुन्हा अठराव्या शतकाच्या अनुवादांवरच दुसरा ग्रंथ, अशा उमेदवाराला तीन नावांच्या अंतिम यादीत जागा मिळणे कठीण.

ब्रिटनमधले जर्मनचे अध्यासनही फार जुने नाही. लंडनच्या नव्या विद्यापीठाने १८२८ मध्ये लुडविग फॉन म्यूलेनफेल्सला नेमले. मराठी वाचकाला वेदांच्या संदर्भात ठाऊक असलेले माक्स म्यूलर १८५४ पासून ऑक्सफर्डला आधुनिक युरोपीय भाषांचे प्राध्यापक होते, आणि १८८६ मध्ये इंग्लिश गटे सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. ऑक्सफर्डचे जर्मनचे स्वतंत्र अध्यासन १९०७ चे. नाझी राजवटीतून आलेल्या मुलांपैकी काहींनी पुढे हा विषय घडवला: कोलोनला जन्मलेले, १९३९ मध्ये आलेले एस. एस. प्रॉअर ऑक्सफर्डच्या त्याच अध्यासनावर १९६९ ते १९८६ होते. या परंपरेला आज ओहोटी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांपुढे परकीय भाषा सक्तीची राहिली नाही. ए-लेव्हल या शालान्त परीक्षेला जर्मन घेणारे नव्वदच्या दशकाच्या मध्याला दहा हजारांवर होते, ते आता तीन हजारांच्याही खाली आहेत. विभाग एकत्र झाले, काही बंद झाले. ज्या जागा उरल्या त्यांत अक्षरओळखीपासून जर्मन शिकवावे लागते, आणि हे काम आवडीने करणारा, त्यासाठी अध्यापनाची पात्रता मिळवलेला उमेदवार निवड समितीला हवा असतो. साहित्याच्या विद्वानाला हे कमीपणाचे वाटू नये. पुढच्या वर्षी गटे वाचायला कोण बसणार, हे त्याच वर्गात ठरते.

एवढे सगळे असूनही ही वाट धरावी, असे आम्ही मनापासून म्हणतो, कारण करण्यासारखे काम ढीगभर पडून आहे. फक्त विषय 'गटेचा इंग्रजी साहित्यावरील प्रभाव' असा विस्तीर्ण घेऊ नये. 'ब्लॅकवूड्स मॅगझिन'ने १८१९ पासून जर्मन साहित्यावर चालवलेली लेखमाला घ्या. ब्यूर्गरच्या 'लेनोरे' या कथाकाव्याची १७९६ या एकाच वर्षातली अनेक इंग्रजी भाषांतरे घ्या, ज्यांत नॉरिचचा विल्यम टेलर आणि तरुण वॉल्टर स्कॉट आहेत, आणि शेवटी नायिकेला स्वप्नातून जागी करून टाकणारा स्टॅन्लीही आहे. किंवा लंडनला आश्रयाला आलेल्या एखाद्या जर्मन प्रकाशकाची हिशेबवही घ्या. मार्गदर्शकाला पाठवायच्या आराखड्यात कोणती प्रत, कोणते अभिलेखागार, कोणता संकेतांक हे असेल तर दोन पाने पुरतात.

आपल्याला विनंती एवढीच, की त्या लेखासोबत छापलेल्या तक्त्यातली 'बी-२' ही नोंद दुरुस्त करून लवकर छापावी. जर्मनीतल्या हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलैला संपते, टेस्टडाफचा निकाल हाती यायला परीक्षेनंतर काही आठवडे लागतात, आणि ब्रिटनमधल्या पीएच. डी.च्या पाठ्यवृत्तींचे अर्ज तर आदल्या डिसेंबर-जानेवारीतच जातात. तक्ता कापून भिंतीवर लावणारी मुले यंदाच्याच वर्षाची आखणी करत असतील.

आपले,
जर्मन साहित्य व इंग्रजी-जर्मन साहित्यसंबंधांचे अभ्यासक